विकास पलीकडच्या रानातून जावा

विकासाला विरोध करणारा माणूस सांगली जिल्ह्याच्या आष्टा-वाळवा पट्ट्यात औषधालाही सापडायचा नाही. पेठ नाक्यावरून ईश्वरपूर, आष्टा करत सांगलीला जाणारा रस्ता चौपदरी व्हावा म्हणून इथल्या लोकांनी वर्षानुवर्षं निवेदनं दिली, आंदोलनं केली आणि मणके झिजवले. (इस्लामपूरचं ईश्वरपूर झालं, तेवढंच काम भूसंपादनाशिवाय पार पडलं.) मतभेद असतात ते गट नंबरावर. रस्ता दारापर्यंत यावा, पण रुंदीकरणात बांध शेजाऱ्याचा जावा. धरण काठोकाठ भरावं, पण बुडणारं गाव डोंगरातलं असावं. कारखान्याचं धुराडं पेटावं आणि मळीचा वास खालच्या गावाने घ्यावा. समाजातल्या निरनिराळ्या थरांच्या विकासाच्या कल्पना एकमेकींशी भांडतात, असं विद्वान सांगतात. पुरावे पाहिले तर कल्पना सगळ्यांची एकच दिसते : विकास म्हणजे दुसऱ्याच्या रानातून आपल्याकडे येणारी वस्तू.

आधी पाण्याचं बघू, कारण इथला ऊस पाण्यावर उभा आहे आणि पाणी दुसऱ्यांच्या गावांवर. कोयनेच्या शिवसागरात 105 टीएमसी पाणी मावतं, वारणेवरच्या चांदोलीत 34. एवढं पाणी साठवायला जागा लागते आणि त्या जागेवर माणसं राहत होती. कोयना धरणाला सहा दशकं झाली, तरी धरणग्रस्तांचे मोर्चे संपलेले नाहीत. पुढे 1976 साली पुनर्वसनाचा कायदा आला. ज्यांना धरणाचा लाभ, त्यांच्या रानातला थोडा हिस्सा धरणग्रस्तांना, असा त्याचा सरळ हिशेब होता. तो सातबाऱ्यावर शेरा होऊन उतरला, तेव्हा लाभक्षेत्रात विकासाची व्याख्या अचानक बारकाईने तपासली जाऊ लागली. पाणी आलं तेव्हा गुलाल उधळणाऱ्यांनी त्याच पाण्याखाली घर गेलेला माणूस दोन एकर मागायला आला, तेव्हा वकील गाठला. पाहुणचारात कमी पडू नये, पण पाहुण्याने मुक्काम करू नये, हा आपला जुना रिवाज आहे.

यावर ठरलेला आक्षेप असा, की कुणीतरी त्याग केल्याशिवाय देश उभा राहत नाही. बरोबर आहे. फक्त हे वाक्य बोलणाऱ्याचं रान कुठल्या उंचीवर आहे, ते आधी विचारावं. कर्नाटकला कृष्णेवर आपल्या खालच्या अंगाला असलेल्या आलमट्टी धरणाची पाणीपातळी 519.6 मीटरवरून 524.256 मीटरवर न्यायची आहे. विजापूर-बागलकोटच्या कोरड्या शिवाराला पाणी मिळेल, हा त्यांचा विकास. सांगली-कोल्हापूरला त्यात 2005, 2019 आणि 2021 चे महापूर दिसतात, म्हणून मे 2025 मध्ये अंकली पुलावर चक्काजाम झाला. चांदोलीच्या माणसाला आपण ऐकवलेलं त्यागाचं वाक्य आता कन्नडमधून आपल्याला ऐकू येतं आहे आणि त्या भाषेत ते मुळीच पटत नाही. भीती खोटी आहे असं नाही. पाणी घरात शिरलेल्या माणसाला मीटरचे दशांश समजावू नयेत. पण 2019 च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने आलमट्टीवर मुख्य ठपका ठेवला नव्हता. अतिवृष्टी आणि नदीच्या पूरक्षेत्रातली अतिक्रमणं, यांकडे तिने बोट दाखवलं. आलमट्टीविरुद्ध सर्वपक्षीय गर्दी जमते. पूररेषेतल्या बांधकामांविरुद्ध जमत नाही, कारण तो विकास आपला आहे.

आता शक्तिपीठ महामार्ग. मूळ आखणीत पवनार ते पत्रादेवी, सुमारे 802 किलोमीटर, बारा जिल्हे, आणि 2025 च्या जूनमध्ये मंत्रिमंडळाने भूसंपादनासाठी मंजूर केलेले 20 हजार कोटी. ही आखणी सावळज-मणेराजुरीच्या द्राक्षबागा आणि कर्नाळ-पद्माळेचा ऊस कापत सांगलीवाडीला उतरत होती. आष्ट्याचं शिवार तीत नव्हतं, त्यामुळे आष्ट्याच्या चहाच्या गाड्यावर या महामार्गाविषयी समतोल मत बाळगणं सोपं होतं. कुणी म्हणेल, पेठ रस्त्यासाठी घसा कोरडा करणाऱ्यांनी महामार्गाला नाही म्हणणं हा दुटप्पीपणा झाला. नाही झाला. एक रस्ता रोज दवाखान्याला, कॉलेजला, अडतीला जाणाऱ्यांनी मागितला होता. दुसरा कुणी मागितला, हे अजून सापडायचं आहे. रत्नागिरी-नागपूर महामार्ग हाताशी असताना देवीच्या दर्शनासाठी बारमाही बागायत रान कापायचं, तर आधी देवीलाच विचारायला हवं. शिवाय भराव टाकून उंचावलेला रस्ता पूरपट्ट्यातून गेला, तर तो आडवा बांधच होतो, ही शंका अडाण्याची नव्हे. विरोध करणारा इतर बाबतींत स्वार्थी असला, म्हणून त्याचा प्रश्न खोटा ठरत नाही. मोबदल्याच्या आशेने महामार्गाला हो म्हणणारे शेतकरीही आहेत. कर्जात बुडालेल्याला रान विकणं हाच विकास वाटला, तर त्याला नावं ठेवायची सोय नाही.

एक विकास मात्र या पट्ट्याने स्वतःच्या रानातूनच नेला. उसाला मोकाट पाणी. निचरा न होणाऱ्या काळ्या रानात ते पाटाने इतकं पाजलं, की खालचे क्षार वर आले आणि ऐन बागायतीत पांढरी चोपण रानं दिसू लागली. उपाय ठाऊक आहे : सच्छिद्र पाइप जमिनीखाली गाडून खारं पाणी ओढ्याला सोडायचं. अडचण एवढीच, की पाइप ओढ्यापर्यंत जायला खालच्या शेजाऱ्याचं रान लागतं, आणि शेजारीही आष्ट्याचाच. याच उसाच्या फडात बीडकडून कोयता घेऊन येणारी टोळी कोपीत हंगाम काढते. तिच्या विकासाची कल्पना काय, याची चौकशी झालेली नाही. उचल किती घेतली, एवढी मात्र काटेकोर असते.

तर मग काहीच होऊ द्यायचं नाही का, असा शेवटचा प्रश्न येतो. होऊ द्यायचं, आणि ते झालेलंही आहे. याच जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात, लोकांनी येरळेची वाळू विकून बळीराजा धरण बांधलं आणि त्याच्या पाण्यात भूमिहीनांचाही वाटा धरला. ज्याचं रान नाही त्यालाही पाणी, ही कल्पना इतकी विचित्र ठरली, की तिची लागण कृष्णाकाठच्या बागायतीला झाली नाही. ती झेपत नसेल तर निदान एक स्वस्त सुधारणा करता येईल. यापुढे भूमिपूजनाच्या कोनशिलेवर मंत्री, आमदार आणि प्रमुख उपस्थितीच्या खाली, ज्यांची जमीन गेली त्यांचीही नावं कोरावीत. एवढी नावं दगडावर मावणार नाहीत, असं अधिकारी सांगतील. पाहुण्यांची आजवर मावत आली आहेत.