प्लॅटिनम जावई

घाटाखालच्या आमच्या भागात पाहुण्याची प्रतवारी करायला कार्ड लागत नाही. पाहुणा कोणत्या गाडीतून उतरला, त्याच्या हातातली पिशवी कोणी घेतली आणि पाणी कोणत्या भांड्यातून दिले, एवढ्यावर सगळ्या गल्लीला त्याची श्रेणी कळते. पिंपळगाव राजात ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या बिनबोभाट चालली होती. ताईच्या धाकट्या जावयाला एका मोठ्या हॉटेल साखळीचे प्लॅटिनम कार्ड मिळाले आणि तिथून ती बिघडली.

जावई पुण्याला, हिंजवडीत. कंपनी त्यांना आज बंगळुरूला पाठवते, उद्या गुरुग्रामला. हॉटेलचे बिल कंपनी भरते, रात्री मात्र जावयांच्या खात्यावर जमा होतात. ही युक्ती मूळची विमानवाल्यांची. अमेरिकन एअरलाइन्सने 1981 साली नेहमीच्या प्रवाशांचे मैल मोजायला घेतले. दोनच वर्षांत, 1983 साली, हॉलिडे इन आणि मॅरियट यांनी हॉटेलातल्या मुक्कामाचाही हिशेब सुरू केला. खर्च एकाचा आणि पुण्य दुसऱ्याच्या खात्यावर, ही कल्पना आपल्याकडे त्याआधीपासून ठाऊक होती. पण ती सहकारात होती आणि तिच्यासाठी कार्ड छापायची पद्धत नव्हती.

आता या हिशेबाच्या पायऱ्या पाहा. मॅरियटच्या बॉनव्हॉय योजनेत वर्षाला 10 रात्री भरल्या की सिल्व्हर, 25 ला गोल्ड, 50 ला प्लॅटिनम, 75 ला टायटॅनियम. शंभर रात्री भरल्या आणि वर 23 हजार डॉलर खर्च झाले की ॲम्बॅसडर. वर्षातल्या शंभर रात्री घराबाहेर काढणाऱ्या जावयाबद्दल सासुरवाडीत पूर्वी चौकशी व्हायची, आता अभिनंदन होते. आणि ज्यांना एवढेही झोपणे जमत नाही त्यांचीही सोय आहे. 2023 साली एचडीएफसी बँकेने मॅरियटबरोबर क्रेडिट कार्ड काढले. ते घेतले की हॉटेलच्या गादीला पाठ न टेकताही माणूस सिल्व्हर होतो.

या पायऱ्या चढल्यावर काय मिळते, हे आमचे जावई न थांबता सांगू शकतात. चांगली खोली, फुकट नाश्ता, वरच्या मजल्यावरची खास बैठक, दुपारी उशिरा खोली सोडण्याची मुभा. आम्ही हे ऐकून सुखावतो. मग ते मोबाईल आमच्या हातात देतात आणि आम्ही चष्मा लावून खालची बारीक अक्षरे वाचतो. तिथे जवळपास प्रत्येक सवलतीच्या शेपटीला एकच शब्द बांधलेला असतो : उपलब्धतेनुसार. खोली उपलब्ध असली तर. हॉटेल सुट्टीच्या ठिकाणचे नसले तर. ज्याने हा शब्द प्रथम करारात घातला, त्याने आमच्या जिल्ह्यात येऊन नळयोजनेचे वेळापत्रक लिहायला हवे होते.

मुंबईतल्या एका हॉटेलात जावयांचे जे झाले ते त्यांनी स्वतः सांगितले आहे. हॉटेलचे नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण त्यांचा त्या हॉटेलवरचा जीव अजून कमी झालेला नाही. तर जावई रात्री काउंटरवर पोहोचले. ॲपमध्ये त्यांनी आपली आवड आधीच भरून ठेवली होती : उंच मजला, लिफ्टपासून लांब, मऊ उशी. काउंटरवरच्या मुलीने हात जोडले, 'वेलकम बॅक सर' म्हटले. जावई त्या हॉटेलात पहिल्यांदाच आले होते, पण त्यांना ते आवडले. मग तिने संगणकात पाहिले आणि चेहरा पाडला. सर, तुमची खोली कंपनीने बाहेरच्या पोर्टलवरून घेतली आहे. त्यामुळे ही रात्र धरली जाणार नाही, पॉइंट नाहीत आणि नाश्ताही नाही.

म्हणजे झोपायला हरकत नाही, पण झोप हिशेबात धरली जाणार नाही.

पोर्टलवाल्याला दलाली द्यावी लागते, म्हणून बहुतेक साखळ्या आपल्याच दारातून आलेल्या पाहुण्याला पाहुणा मानतात. व्यवहार म्हणून ठीक आहे. पण रात्री अकराला बॅग हातात धरलेल्या माणसाला व्यवहार पटत नाही. जावयांनी निदान खोली तरी मोठी मागितली. मुलगी म्हणाली, आज हॉटेल पूर्ण भरले आहे सर. जावयांनी तिथल्या तिथे ॲप उघडून दाखवले : त्याच हॉटेलात, त्याच रात्री, मोठ्या खोल्या विकायला होत्या. त्यावर व्यवस्थापक आले, पाणी आले, गार टॉवेल आला, आणि 'विशेष बाब म्हणून' खोली बदलून मिळाली. खोली तशीच, फक्त दोन मजले वर, आणि लिफ्टला लागून. आधीच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसली असती. या खिडकीतून तिची पाण्याची टाकी दिसत होती. जावयांनी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला : 'अपग्रेडेड!' ताईने खाली लिहिले, 'अभिनंदन जवाईबापू.' थोरल्या जावयांनी नुसता अंगठा पाठवला.

थोरल्या जावयांबद्दल सांगायला हवे. त्यांचे मोताळ्याला कृषी केंद्र आहे. हॉटेलात ते राहत नाहीत; अकोल्याला माल आणायला गेले तरी रात्री परत येतात. त्यांच्याकडे कार्ड म्हणून जे आहे ते आधारचे. पण सासुरवाडीच्या योजनेत ते थोरले आहेत आणि ही श्रेणी आजन्म आहे. हॉटेलवाले दर वर्षाअखेर रात्री पुन्हा शून्यावर आणतात. प्लॅटिनम टिकवायला पुन्हा पन्नास रात्री झोपावे लागते. जावयाला एकदा बोहल्यावर उभे राहिले की पुरते. शिवाय दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मासाचा बोनस : धोंड्याचे जेवण, तेहतीस अनारसे, आणि सासऱ्याला कापसाचा भाव बरा मिळाला असेल तर खामगावच्या सराफ्यातली चांदी. 2023 साली अधिक श्रावण होता, पुढचा 2026 च्या ज्येष्ठात. त्याच्या तारखा पंचांगात छापलेल्या असतात, उपलब्धतेनुसार बदलत नाहीत.

तंटा झाला तो अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. लेकी माहेरी आलेल्या, त्यांना न्यायला दोन्ही जावई एकाच दिवशी हजर. आमच्याकडे त्या दिवसांत पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो, आणि ताईच्या घरात कूलर एकाच खोलीत. विदर्भात खोलीची श्रेणी विचारायची गरज पडत नाही. कूलरचे पाणी कोणाच्या अंगावर उडते ते पाहायचे. धाकटे जावई बॅग घेऊन सवयीने त्या खोलीकडे वळले.

ताई म्हणाली, "बापू, ते खोली मोठ्या जवायाले देल्ली. तुमाले बैठकीत गादी टाकून देतो."

जावई क्षणभर थांबले. मला वाटते ते व्यवस्थापकाला बोलवा म्हणणार होते. पण व्यवस्थापक म्हणजे आमचे भाऊजी, आणि ते आधीच बैठकीत बनियनवर बसून हातपंख्याने वारा घेत होते.

माझे म्हणणे असे, की जावयांचे खरे प्रशिक्षण या रात्री झाले. हॉटेलातले अपग्रेड म्हणजे जी खोली तशीही रिकामी राहणार ती तुम्हाला दिली. हॉटेलचे काही जात नाही आणि दुसऱ्या पाहुण्याला पत्ताही नसतो. ताईकडे थोरल्या जावयाला कूलरची खोली मिळते तेव्हा तिचा मुलगा गच्चीवर जातो, म्हातारी ओसरीवर येते, भाऊजींचा घोरण्याचा कोपरा बदलतो आणि धाकटा जावई रात्रभर डास मोजतो. चार माणसे एकेक पायरी खाली उतरतात तेव्हा एक जण वर चढतो. थोरले जावई त्या खोलीत जे समाधानाने झोपले, त्यात कूलरच्या वाऱ्याचा वाटा थोडा होता. बाकी सगळे बाहेर उकडून निघताहेत ही जाणीव मोठी होती. हॉटेलवाल्यांना ही जाणीव पुरवता येत नाही, कारण त्यांनी इतक्या लोकांना सोने-चांदी वाटून ठेवली आहे की खाली कोणी उरलेच नाही. जावई सांगतात, खास बैठकीत संध्याकाळी भजी घ्यायला रांग असते आणि रांगेत सगळे प्लॅटिनम.

खाली माणसे शिल्लक ठेवण्याची कला सरकारला जास्त चांगली साधली आहे. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या विश्रामगृहात तुमचे आरक्षण मंजूर असते, पैसे भरलेले असतात, तुम्ही आंघोळ करून पोह्यांची वाट पाहत असता. तेवढ्यात एखादा दौरा लागतो आणि तुमची बॅग व्हरांड्यात येते. इथे पॉइंट नाहीत, नियम मात्र पक्का आहे : मोठा आला की लहानाने उठायचे. पूर्वी गाडीवरचा लाल दिवा पाहून खानसामा श्रेणी ओळखायचा. 1 मे 2017 पासून दिवे गेले. आता मागेपुढे चालणाऱ्या माणसांची गर्दी पाहून तो कोंबडी किती शिजवायची ते ठरवतो, आणि त्याचा अंदाज चुकत नाही.

अखजीच्या दुसऱ्या दिवशी धाकट्या जावयांनी जाहीर केले, की आपण बाहेर राहू, खर्च माझा. पिंपळगाव राजाच्या आसपास त्यांचे कार्ड चालेल असे हॉटेल त्यांनी ॲपवर शोधले. ॲपने बराच विचार करून नागपूर दाखवले. मधला अकोला, अमरावती आणि निम्मा विदर्भ त्याच्या लेखी नव्हता. शेवटी ताईच म्हणाली, शेगावले चाला, महाराजांचं दर्शनही होईन आन भक्तनिवासात ऱ्हाऊ. जावयांनी लगेच विचारले, ऑनलाइन बुकिंग करू का?

इथे मला हसू आवरले नाही. शेगावच्या गजानन महाराज संस्थानचे भक्तनिवास आगाऊ आरक्षण घेत नाही. यायचे, रांगेत उभे राहायचे, ओळखपत्र दाखवायचे, पाळी आली आणि खोली असली तर मिळते. आमदाराच्या ओळखीचा उपयोग आहे का, असे विचारणारे पुष्कळ असतात. आमच्याकडे तेही एक उद्योगक्षेत्र आहे. पण या संस्थानाला शिस्त लावणारे शिवशंकरभाऊ पाटील 2021 च्या ऑगस्टमध्ये गेले तोवर, विश्वस्त असून संस्थानचे काही घेत नाहीत, याच गोष्टीसाठी लोकांना माहीत होते. ज्या ठिकाणी प्रमुखच स्वतःला सवलत घेत नाही, तिथे पाहुण्याने ती कोणत्या तोंडाने मागायची? तुलना करायची हौस असेल त्यांनी इतर मोठ्या देवस्थानांच्या पासखिडक्या पाहाव्यात. मी नावे घेत नाही. मलाही कधी दर्शनाला जायचे असते.

आम्ही शेगावला दुपारी पोहोचलो. थोरल्या जावयांनी स्टेशनकडे जाऊन कचोऱ्या बांधून आणल्या आणि त्या गाडीत बसून शांतपणे खाऊ लागले. रांगेत उभे राहण्याचे काम धाकट्यांकडे होते, कारण खर्च त्यांचा. रांगेत त्यांच्या पुढे परभणीकडचे एक कुटुंब होते, त्याच्यापुढे डोक्यावर टोपी घातलेले एक आजोबा, हातात फक्त पिशवी. आजोबांना खोली मिळाली. त्या कुटुंबालाही मिळाली. जावयांची पाळी आली आणि त्यांचा हात सवयीने पाकिटात गेला. त्यांनी प्लॅटिनम कार्ड काउंटरवर ठेवले.

पांढऱ्या कपड्यातल्या सेवाधाऱ्याने ते उलटून पाहिले, सुलटे करून पाहिले आणि दोन बोटांनी परत सरकवले. "माउली, हे नाही. आधार."

जावयांनी आधार दिले. मग धीर करून विचारलेच, की जरा वरच्या मजल्यावरची मिळेल का, लिफ्टपासून लांब?

"माउली," सेवाधारी पावती फाडत म्हणाला, "मागे रांग आहे."

खोली तळमजल्यावर होती, स्वच्छ होती, आणि ताईने तिथे कूलर कुठे आहे ते आधी शोधले. कोणती खाट कोणाची, यावरून दोन्ही जावयांचे बोलणे संध्याकाळच्या आरतीपर्यंत चालू होते.