चार तासवाल्या दाजींस

श्री. दाजी, मुक्काम सोलापूर
(आणि लातूर, नांदेड, पुणे येथे मुक्कामास असलेले आपल्यासारखे इतर सर्व दाजी, काका व मित्र)



पत्रास कारण की, येत्या रविवारी आपल्या चिरंजीवांचा, म्हणजे आमच्या भाच्याचा साखरपुडा आहे. मुहूर्त सकाळी ११ वाजून ४० मिनिटांचा. काल फोनवर आपण म्हणालात, "हैद्राबाद-सोलापूर काय हो, चार तास. सातला गाडी काढायची, अकराला हॉलवर. त्यात प्लॅन काय करायलाय?" आपला फोन स्पीकरवर होता. त्यामुळे हे वाक्य घरातल्या सगळ्यांनी ऐकलं आणि काचीगुड्यातल्या आमच्या घरात तेव्हापासून प्लॅन या शब्दाला किंमत राहिलेली नाही. पहाटे पाचला निघू, असं मी म्हटलं की सगळे माझ्याकडे भित्र्या माणसाकडे बघावं तसं बघतात. दाजी तर चार तास म्हणाले!

दाजी, चार तास हा आकडा मी आपल्याकडून पहिल्यांदा ऐकलेला नाही. या रस्त्याविषयी ज्याला विचाराल तो चारच सांगतो. कोणी साडेचार सांगितलेलं मला आठवत नाही. सहा सांगणारा तर मनुष्य म्हणून मोजलाच जात नाही. तेव्हा आज नम्रपणे एवढंच विचारतो की हे चार तास आपण कुठून कुठपर्यंत मोजता?

मी काचीगुड्यातून मोजतो, कारण मी तिथे राहतो. इथून सोलापूर ढोबळमानाने तीनशे किलोमीटर. त्यातले पहिले पस्तीस हैदराबादचेच. अमीरपेठ, कूकटपल्ली, मियापूर, चंदानगर, मग भेल, मग पटणचेरू आणि मुत्तंगीला एकदाची आउटर रिंग रोडची कमान. या पस्तीस किलोमीटरांना रविवारी सकाळीसुद्धा सव्वा तास धरावा लागतो. (मेहदीपट्टणमहून पीव्हीएनआर उड्डाणपूल पकडून आरामघर, तिथून रिंग रोडने मुत्तंगी, हाही एक पंथ आहे. त्या पंथाचे अनुयायी आमच्याच मजल्यावर राहतात आणि कूकटपल्लीवाल्यांशी त्यांचं बोलणं बंद आहे.) आता आपल्या चारातून सव्वा तास वजा करा. उरले पावणेतीन तास आणि २६५ किलोमीटर. म्हणजे ताशी ९६ची सरासरी. सरासरी, दाजी! काटा मधूनमधून ९६वर जाणं वेगळं. इथे टोलनाका, ट्रकांची शर्यत, उसाची ट्रॉली आणि उलट्या बाजूने शांतपणे येणारा मोटारसायकलवाला, हे सगळं धरून ९६. त्यात चहाला वीस मिनिटं दिली की सरासरी जाते ११०वर. आणि चौपदरी राष्ट्रीय महामार्गावर मोटारींची कमाल मर्यादा आहे १००. म्हणजे आपले चार तास पाळायचे तर चहा तरी सोडायला हवा, नाहीतर कायदा. आमच्याकडे चहा सोडण्याची सोय नाही, हे आपण लग्नापासून जाणता.

माझा संशय असा आहे की आपण शहरं मोजतच नाही. मुत्तंगीची कमान ओलांडली की आपलं घड्याळ सुरू होतं आणि सोलापूरची वेस दिसली की बंद पडतं. मधे थांबलात तर तेवढा वेळही थांबलेलाच असतो, तो प्रवासात येत नाही. उसाचा रस प्यायलात ते प्रवासात नाही. पंक्चर काढलंत ते तर नशिबाच्या खात्यावर. असा हिशेब माझ्या ऑफिसात कोणी दिला तर त्याला लेखापरीक्षकापुढे उभं करतात. आपल्याला मात्र घरोघरी पाट मांडून बसवतात.

या रस्त्यावरून गेलेल्यांत वेळेचा हिशेब प्रामाणिक असलेला प्रवासी माझ्या माहितीत एकच. निजामाच्या संस्थानावरच्या पोलीस कारवाईतले मेजर जनरल जयंतो नाथ चौधरी. १३ सप्टेंबर १९४८ला पहाटे ते आपल्याच सोलापूरकडून निघाले, यायचं होतं आमच्या हैदराबादला. पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं, बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागला, उमरग्यापर्यंत मजल मारली. दुसऱ्या दिवशी तुकडी राजेश्वरच्या वाटेला लागली. जहिराबादकडे पोचायला १६ तारीख उजाडली, कारण वाटेत सुरुंग पेरलेले होते. १७ला निजामाने युद्धबंदी जाहीर केली आणि १८ला त्याचे सेनापती जनरल अल इद्रूस चौधरींना शरण आले. युद्धबंदीपर्यंतचा हिशेब लागला १०८ तासांचा, आणि तो आजही तसाच सांगितला जातो. चौधरींच्या बाजूने कोणी म्हणत नाही की त्यातले सुरुंगाचे तास वजा करा, ते काय प्रवासात येत नाहीत.

चेष्टा बाजूला ठेवून सांगतो, १७ सप्टेंबरला मराठवाड्यात अजून झेंडा लागतो आणि आमच्या काचीगुडा-सुलतानबाजारातल्या जुन्या मराठी घरांत त्या दिवसांच्या गोष्टी आजही हळू आवाजात सांगतात. पण चौधरींकडे काय काय होतं ते तरी बघा. रणगाडे होते, वर टेम्पेस्ट विमानं होती, आणि मागच्या सीटवर आत्याबाई नव्हत्या. तरी लष्कराने आधी महिनोन्‌महिने नकाशे पसरून आराखडा केला. दिल्लीने तेव्हा आपला सल्ला घ्यायला हवा होता. आपण म्हणाला असतात, "त्यात प्लॅन काय करायलाय? सकाळी सातला रणगाडा काढायचा."

आत्याबाईंचा विषय निघालाच आहे तर तोही सांगून टाकतो. आत्याबाई येणार आहेत. हुमनाबाद आलं की माणिकनगर अगदी हाकेच्या अंतरावर, आणि माणिकप्रभूंच्या दारावरून दर्शन न घेता पुढे जाण्याची आमच्या कुळात प्रथा नाही. ही प्रथा कुळात कधीपासून आहे हे कोणाला ठाऊक नाही, कारण मागच्या पिढीने या रस्त्याने मोटार नेलीच नव्हती. ते सगळे रेल्वेने वाडीमार्गे जात आणि वाडीला गाडी बदलताना सामान मोजत. पण आत्याबाईंपुढे इतिहास मांडण्याची माझी छाती नाही. आपल्या सौभाग्यवती, म्हणजे माझी ताई, हिने वेगळाच निरोप धाडलाय: "नळदुर्गवरून तुळजापूर जवळच आहे, देवीची ओटी भरूनच या, शुभकार्य आहे." जवळच आहे म्हणजे तीसेक किलोमीटर. तिथून सोलापूर पुन्हा पंचेचाळीस. आणि रविवारची दर्शनाची रांग! मुलांना नळदुर्गचा पाणीमहाल बघायचाय. त्यांच्या पुस्तकात आलं म्हणे, की दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरीवर बंधारा घातला आणि बंधाऱ्याच्या पोटातच महाल बांधला. बंधाऱ्यावरून पाणी कोसळताना आत बसून बाहेरचा धबधबा बघायचा. बांधणाऱ्याला सलाम. पण तो धबधबा पडण्याएवढं पाणी नदीला आहे का, हे बघायला कोण उतरणार? सगळेच. आणि सगळे उतरले की सगळे परत बसायला किती वेळ लागतो, हे आपण ताईबरोबर कुठेही गेला असाल तर जाणताच.

आता पेट्रोल. आपण सांगितलंत की टाकी इथे भरू नका, कर्नाटकात भरा, लिटरमागे काही रुपये वाचतात. हे अगदी खरं आहे. तीनशे किलोमीटरांत तीन राज्यं लागतात, आणि मधलं साधारण पंचाहत्तर किलोमीटरांचं कर्नाटक हे सगळ्या काटकसरी कुटुंबांचं पेट्रोलचं माहेर आहे. १९५६ला राज्य पुनर्रचना झाली नसती तर ही सोयच झाली नसती, कारण तोवर उमरगा, हुमनाबाद, जहिराबाद सगळं एकाच हैदराबाद राज्यात होतं. तेव्हा ज्यांनी सीमा आखल्या त्यांचे आम्ही ऋणी आहोत. पण सल्ला पाळायचा म्हणजे काय होतं, तेही ऐका. सदाशिवपेठेपर्यंत सगळे गाणी म्हणत असतात. जहिराबादच्या अलीकडे काट्याखालचा पिवळा दिवा लागतो. गाणी थांबतात. बायको एसी बंद करते. काचा खाली होतात, आत्याबाईंचा पदर उडायला लागतो, आणि मुलगा मागून वाकून दर मिनिटाला विचारतो, "बाबा, अजून किती?" बाजूने जे पंप जातात ते एकापेक्षा एक टापटीप, मोकळे, तेलंगणातले. त्यांच्याकडे न बघता पुढे जायचं. शेवटी पाट्यांवरची तेलुगू जाऊन कन्नड येते, सीमेपलीकडचा पहिलाच पंप दिसतो आणि तिथे हैदराबाद पासिंगच्या गाड्यांची अशी रांग असते की वाचलेले दीडशे रुपये तिथेच उभं राहून कमवावे लागतात. ही वीस मिनिटंही आपल्या हिशेबात नाहीत.

टोलबद्दलचा आपला सल्लाही मी वहीत लिहून घेतलाय: "वार्षिक पास काढा, टोलची कटकट संपली." काढला. तेव्हा तीन हजार रुपये पडले; वर्ष किंवा दोनशे फेऱ्या यांपैकी जे आधी संपेल ते. ऑगस्ट २०२५पासूनची ही योजना चांगली आहे, मी नावं ठेवत नाही. कमकोल, मंगलगी, तलमोड, फुलवाडी असे नाके घेत जाणाऱ्या माणसाला ती परवडते. फक्त आउटर रिंग रोडवर हा पास चालत नाही, कारण तो राष्ट्रीय महामार्ग नाही, एवढं आपलं सांगायचं राहिलं. आणि पास असला तरी गाडी नाक्यावर थांबायची ती थांबतेच. गेल्या खेपेला एका नाक्यावर आमचा फास्टॅग वरच्या यंत्राला दिसेना. खिडकीतला मुलगा म्हणाला, "वेनक्की, वेनक्की." गाडी हातभर मागे घेतली. मागच्याने हॉर्न दिला. "मुंदुकू." पुढे घेतली. मग तो मुलगा हातातलं यंत्र घेऊन बाहेर आला आणि काचेवर फडकं मारून, मान वाकडी करून, टॅगकडे असा बघत राहिला की जणू पत्रिका जुळवतोय. आत्याबाईंनी त्याला खिडकीतून मूठभर चिवडा दिला. चिवडा खाल्ल्यावर बीप वाजलं. त्या चिवड्याचं श्रेय त्या अजून घेतात.

दाजी, आपण एकदा चार तासांत आला होतात, हे मी नाकारत नाही. आपण एकटे होतात, रात्री अडीचला निघाला होतात, गाडी मित्राची होती आणि पहाटे दार उघडलं तेव्हा आपले डोळे लाल होते. त्या एका रात्रीवर आपण एक अख्खी वेळ उभी केली आणि ती गावाला वाटली. माणसं त्यावर मुहूर्त काढू लागली! हॉलवाल्याने सकाळचा स्लॉट दिला तेव्हा आपण त्यालाही म्हणालात, "हैद्राबादचे पाहुणे काय, चार तासांत येतात." गुरुजींनाही हेच सांगितलंत. आता ११:४०ला मामा हजर नसेल तर गुरुजी थांबणार नाहीत, आणि दोष रस्त्याला मिळणार नाही, मला मिळेल.

तेव्हा आम्ही घरात बसून, चौधरींचं स्मरण करून, खालील निर्णय घेतला आहे. रविवारी सकाळी सातला आम्ही निघणार नाही. शनिवारी सकाळीच निघतोय. माणिकनगर करू, पाणीमहाल बघू, तुळजापूरला ओटी भरू, आणि दिवेलागणीपर्यंत आपल्या दारात. एकूण सात जण, त्यात दोन मुलं आणि आत्याबाई, ज्यांना खाली झोपवत नाही. रात्रीच्या जेवणाला आपल्याकडचीच कडक भाकरी आणि शेंगाची चटणी चालेल, विशेष काही करू नका. ताईला त्रास नको, भाकऱ्या आपण विकत आणा, आठ-दहा जास्तच आणा. सकाळी आंघोळीला सात जणांना गरम पाणी लागेल. बंबाला किंवा गिझरला किती वेळ लागतो हे आपणच सांगा, आपण वेळा फार सोप्या करून सांगता.

आपल्या शेजारच्या बंद फ्लॅटची किल्ली आपल्याकडे असते, असं ताई म्हणाली होती. ती मिळाली तर बरं होईल.

वहिनीसाहेबांना, म्हणजे आपल्या मातोश्रींना, साष्टांग नमस्कार. उस्मानिया बिस्किटांचे चार पुडे आणतोय.

कळावे, लोभ असावा.

आपला मेहुणा,
काचीगुडा, हैदराबाद

ता. क. लग्न हैदराबादलाच करायचं, असं व्याह्यांनी सुचवल्याचं ऐकलं. आनंद आहे. मुहूर्त सकाळचा धरायला आमची काही हरकत नाही, आपण चार तासांत येताच. फक्त निघालात की फोन करा, आणि "निघालोय" म्हणजे गाडी संभाजी चौकात आहे की आपण अजून चप्पल शोधताय, तेवढं ताईकडून वदवून घ्या.