पाच टायरांचा धनी

मिनेसोटात ऑक्टोबरची पानगळ सुरू झाली की अंगणाअंगणात एकेक गृहस्थ गुडघे टेकून बसलेला दिसतो. प्रार्थना वगैरे नाही, टायर वाचणं चाललेलं असतं. पिकअपला जोडून उन्हाळाभर तळ्याकाठी न्यायचा त्याचा कॅम्पर ट्रेलर आता मे महिन्यापर्यंत उघड्यावरच उभा राहणार. आत बिछाने, शेगडी, न्हाणीघर असा सगळा संसार आहे, पण त्याचं गृहस्थाला काही नाही. जीव अडकलाय तो टायरांत.

टायरवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे तो बोट फिरवून वाचतो. 2319 म्हणजे टायर 2019 सालातल्या 23व्या आठवड्यात बनलेला. पाहुण्याला तो मुलांची वयं विचारत नाही, टायरांची विचारतो. उत्तर सहा वर्षांच्या पुढे गेलं की चेहरा असा करतो, की पाहुण्याने परतीचा प्रवास बसनेच करावा.

त्याचा सिद्धान्त पक्का आहे: ट्रेलरचा टायर धावून मरत नाही, उभ्या उभ्या मरतो. रबरात मेण आणि ओझोनला अडवणारी रसायनं मिसळलेली असतात. चाक फिरताना टायर दबतो, वाकतो, तेव्हा ती पृष्ठभागावर येत राहतात. चाक थांबलं की हा पुरवठा आटतो. मग ऊन आणि हवेतला ओझोन टायरच्या बाजूंना बारीक भेगा पाडतात. नक्षी नव्यासारखी आणि टायर बाद! ‘नुसतं बसून राहिलं की असंच व्हायचं,’ असं तो ठणकावतो, तेव्हा बायको काही न बोलता त्याच्या सोफ्याकडे बघते.

मग विधी सुरू होतात. आधी साबण-पाण्याने अंघोळ. शेजारी चकाकी आणणारा स्प्रे घेऊन आलाच, तर हा आडवा पडतो. पेट्रोलियमवाल्या पॉलिशने वरचं संरक्षक मेणच निघून जातं. पुढे प्रत्येक चाकाखाली प्लायवूडची फळी, तीही टायरपेक्षा रुंद, कारण टायरची कड फळीबाहेर लोंबता कामा नये. वरून पांढरी टोपडी.

इथे पंथ दोन आहेत. फळीवाले आणि अधांतरीवाले. दुसऱ्या पंथाचे लोक ट्रेलरच्या चौकटीखाली स्टँड लावून चाकं जमिनीवरून उचलून ठेवतात. दोघांचे टायर वसंतात सारखेच ठणठणीत निघतात, पण हे कबूल करायला कुणी तयार नसतं.

हवेचा मामला वेगळा. पेट्रोलपंपावरच्या मापकावर त्याचा विश्वास नाही. स्वतःचा मापक तो कोटाच्या आतल्या खिशात बाळगतो. टायरवर छापलेल्या कमाल आकड्याइतकी हवा भरूनच ट्रेलर उभा करायचा, हा त्याचा नेम. कारण 20 अंश सेल्सियसला भरलेली 65 पौंड हवा उणे 30 अंशांवर 51च्या आसपास उतरते. याच राज्यातल्या टॉवर गावी 2 फेब्रुवारी 1996 रोजी पारा उणे 51 अंशांवर गेला होता. ही तारीख त्याला तोंडपाठ आहे.

जानेवारीत एका रविवारी तो फावडं घेऊन बाहेर पडतो. अर्धा दिवस बर्फ उपसतो, टोपडी काढतो, पिकअप जोडतो आणि ट्रेलर वीतभर पुढे घेतो. टायरच्या एकाच भागावर महिनोन्‌महिने भार राहू नये म्हणून. पुन्हा टोपडी, पुन्हा फळ्या. एवढ्या प्रवासाने तो इतका दमतो की उरलेला हिवाळा सोफ्यावरच जातो.

या सगळ्या धामधुमीत ट्रेलरच्या पाठीला टांगलेली स्टेपनी मात्र बारा महिने दक्षिणेचं ऊन खात असते. तिला टोपडं नाही, हवा नाही, वयाची चौकशी नाही. ती वापरलेलीच नाही, म्हणजे नवीनच, असा त्याचा हिशेब.

तेव्हा अशा गृहस्थाचा जुना ट्रेलर विकायला निघाला, तर खुशाल घ्यावा. चार टायर बघायचीही गरज नाही. फक्त पैसे मोजण्याआधी मागे जाऊन स्टेपनीवरचे चार आकडे तेवढे वाचावेत.