सव्वादोन घनमीटरचं भांडण

‘वाईन शॉप’ अशी पाटी दिसली की आत काय मिळतं हे महाराष्ट्रात कुणाला सांगावं लागत नाही. व्हिस्की, रम, बिअर. वाईन असलीच तर कोपऱ्यातल्या फळीवर, मे महिन्यात तापत उभी. याचं मूळ परवान्यात आहे. विदेशी मद्याच्या किरकोळ विक्रीचे, म्हणजे एफएल-२चे, नवे परवाने देणं सरकारने काही दशकांपूर्वीच थांबवलं. दुकानं मोजकी, फळ्या मोजक्या, आणि फळीवर बसतो तो झटपट खपणारा माल.

म्हणून २७ जानेवारी २०२२ला मंत्रिमंडळाने एक वाट काढली. एक हजार चौरस फूट किंवा त्याहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन ठेवायची. सव्वादोन घनमीटरचं कपाट, त्याला कुलूप, वर्षाला पाच हजार रुपये शुल्क. देवळाशाळेजवळ नाही, दारूबंदीच्या जिल्ह्यात नाही. पुढचं आठवत असेलच. विरोधकांनी राज्य डोक्यावर घेतलं, अण्णा हजारेंनी १४ फेब्रुवारीपासून उपोषण जाहीर केलं, सरकारने लोकांच्या हरकती मागवल्या, उपोषण टळलं. जूनअखेर सरकारच गेलं. निर्णय कागदावर राहिला.

त्या गदारोळात दोन्ही बाजूंनी लोकांना फसवलं, असं माझं स्पष्ट मत आहे. एक बाजू म्हणाली, गल्लीतल्या किराणा दुकानात दारू येणार. हजार चौरस फुटांचं किराणा दुकान तुमच्या गल्लीत आहे का? दुसरी बाजू म्हणाली, वाईन म्हणजे दारू नव्हेच. १९४९चा दारूबंदी अधिनियम उघडा. मद्याच्या व्याख्येत स्पिरिट, बिअर, ताडी यांच्याच रांगेत वाईन बसली आहे, आणि ती तिथेच असायला हवी. बारा-तेरा टक्के अल्कोहोल असलेल्या बाटलीला फळांचा रस म्हणणाऱ्याचं बोलणं, जिने घरात दारूपायी मार खाल्लाय ती बाई का ऐकून घेईल?

आणि शेतकरी? त्याचं नाव तर सगळ्यांच्याच तोंडी होतं. पण नाशिकचा बागायतदार बहुतेक वेळा वाईन विकत नाही, द्राक्षं विकतो. शिराझ किंवा शेनिन ब्लाँ कराराने लावायची, एप्रिलात खरड छाटणी, पाऊस सरता सरता गोडी छाटणी, जानेवारी ते मार्च तोडणी, आणि ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजून माल वायनरीच्या दारात. ते द्राक्ष बारीक, बियांचं, जाड सालीचं. थॉमसनसारखं खायचं द्राक्ष सोडून ते खायला कोण नेणार? वायनरीने पाठ फिरवली की रस्ता संपला. २००९-१०च्या सुमारास मंदीने मागणी बसली तेव्हा याच पट्ट्यात लोकांनी पोसलेल्या वेली स्वतःच्या हाताने उपटल्या. सवलती मात्र वायनरीच्या नावावर येतात. वाईनवर २० टक्के व्हॅट, त्यातला १६ टक्के परत, तोही उत्पादकाला. २००१च्या धोरणाने हा उद्योग उभा राहिला, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क झाले, याचं श्रेय द्यायलाच हवं. पण त्या सवलतीचा बांधापर्यंत पाझर किती, हे कपाटाच्या भांडणात कुणी विचारलं नाही.

मग लहान शेतकऱ्याने स्वतःच वाईन करावी? काहींनी केली. वाईन करणं निभतं, अडतं ते विकताना. मद्य हा राज्यांचा विषय, त्यामुळे नाशिकची बाटली बंगळुरूला न्यायची तर कर्नाटकात लेबलची नोंदणी वेगळी, कर नव्याने. जाहिरातीला बंदी. दुकानदार अनोळखी नावाला फळी देत नाही. हजारभर पेट्या करणाऱ्या माणसाकडे मग एकच साधन उरतं: येणाऱ्याला आपल्या दारात बसवायचं, पेल्यात घोटभर ओतायचं, वेल दाखवायची आणि आवडली तर बाटली हातात द्यायची. चव देणं हीच त्याची जाहिरात आणि तेच त्याचं दुकान. नाशिकजवळ सुला वायनरीने २००५मध्ये टेस्टिंग रूम उघडली आणि पुढे लोक मुंबईहून खास त्यासाठी येऊ लागले. मोठ्या कंपनीला ते परवडतं. वकील, कारकून, हेलपाटे, सगळं पेलतं. पाच एकरवाल्यासाठी बनवणं, चव देणं आणि दारात विकणं या तिन्हींचा मिळून एकच, स्वस्त, लहान परवाना हवा. भांडायचं तर त्यासाठी भांडायला हवं होतं.

मात्र चव देण्याचा परवाना म्हणजे मोकळं रान नव्हे, आणि इथे मला वायनरीवाल्यांशीही भांडायचं आहे. हिशोब करा. तीस-तीस मिलिलिटरचे पाच घोट म्हणजे दीडशे मिलिलिटर. तेरा टक्क्यांनी त्यात सुमारे १५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. मोटार वाहन कायद्यातली मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. साठ किलोचा माणूस रिकाम्या पोटी तेवढ्यावर ती ओलांडू शकतो. नुसती ‘चव’ घेऊन! त्यानंतर तो गाडीत बसतो आणि कसारा घाट उतरतो, मागच्या सीटवर पोरं. जगभर चव घेणारे जाणकार घोट तोंडात घोळवून थुंकतात, त्यासाठी टेबलावर भांडं असतं. आपल्याकडे ते भांडं असलं तरी पाहुणा लाजतो आणि ओतणारा आग्रह करतो. आग्रह जेवणात करावा, इथे नको. ज्या खात्याने कपाटाचं माप घनमीटरात ठरवलं, त्याने पेल्याचं माप मिलिलिटरात ठरवावं. थुंकायचं भांडं, पाणी आणि खायला काहीतरी सक्तीचं करावं. गाडी चालवणाऱ्याच्या हातावर पट्टी बांधावी आणि त्याला द्राक्षाचा रस द्यावा. पैसे तेवढेच घ्या, हरकत नाही.

आणखी एक अट, सगळ्यांत वर. गावातलं दारूचं दुकान बंद करायला बायका मतदान करतात, मतपत्रिकेवरच्या आडव्या बाटलीवर शिक्का मारतात. पन्नास टक्क्यांहून जास्त बायकांचा कौल पडला की परवाना जातो. हा हक्क त्यांनी मोर्चे काढून, रस्त्यावर बसून मिळवलाय. बागेतल्या टेस्टिंग रूमलाही तो तसाच्या तसा लागू करा. वाईनवाल्यांनी त्याला घाबरू नये. दार उघडण्याआधी गावच्या बायकांना बोलवावं, टाक्या दाखवाव्यात, किती बनणार, कुणाला विकणार, रात्री किती वाजता दार बंद होणार ते सांगावं. गावातल्या माणसाला उधारीवर बाटली देणार नाही, हे लिहून द्यावं. मग त्या काय ठरवतात ते पाहावं.