खलाशी बदलायचं बंदर

शिडाच्या बोटीवर सुट्टी घालवतो म्हटलं की लोक वाऱ्याबद्दल विचारतात, लाटांबद्दल विचारतात, आणि "उलटी होते का हो?" हे तर हमखास विचारतात. पण बोटीवरची खरी भांडणं यांतल्या कशावरूनच होत नाहीत. ती होतात निम्म्या वाटेवर कोणाला कुठल्या बंदरात उतरवायचं आणि कोणाला तिथून चढवायचं यावरून. बोट एक, सुट्ट्या सगळ्यांच्या वेगवेगळ्या. पहिली तुकडी हुंदडून परत जाणार, दुसरी येणार, आणि मधल्या एका संध्याकाळी दोघींनी एकाच धक्क्यावर भेटायचं, एवढंच ठरवायचं असतं. आमच्याकडे त्यासाठी फेब्रुवारीपासून व्हॉट्सॲपवर जुंपली होती.

आमचा तांडेल मूळचा रत्नागिरीचा. मिरकरवाड्याच्या धक्क्यावर उनाडक्या करत वाढला आणि आता ग्लासगोत नोकरी करतो. तो जुलैत बोट काढतो हे त्याच्या आईला अजून मान्य नाही. रत्नागिरीत जुलै म्हणजे होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेची वाट बघायची. स्कॉटलंडात नेमकं उलटं. हिवाळाभर बोटी जमिनीवर टेकू लावून उभ्या, आणि एप्रिल उजाडला की क्रेननं उचलून पाण्यात. उन्हाळ्यात तिथे रात्री दहा-अकरापर्यंत उजेड असतो. त्यामुळे "अंधार पडायच्या आत पोचू" असं तांडेल म्हणाला तर कोणी हुरळून जाऊ नये. अंधार पडणार किती वाजता, तेही विचारून घ्यावं.

बोट 36 फुटी, सहा जणांची. 'सहा जणांची' हे बोट बांधणाऱ्याचं मत. ती असते लार्ग्जला, क्लाइडच्या खाडीत. बेत असा की तिथून निघून क्रिनन कालव्यातून पश्चिम किनाऱ्यावर बाहेर पडायचं आणि हेब्रिडीजच्या बेटांकडे वळायचं. पहिल्या तुकडीत मँचेस्टरचे डॉक्टर आणि तांडेलाचा भाचा. दुसरीत लंडनहून माझा दादा, वहिनी आणि कॉलेजात जाणारी पुतणी. तांडेल आणि मी दोन्हीकडे. तांडेल बोट त्याची म्हणून, मी भांडी घासतो म्हणून.

पहिलं नाव आलं क्रिननचं आणि ते लगेच पडलं. क्रिनन कालवा 1801 साली खुला झाला, लांबी 9 मैल. तो असल्यामुळे किंटायर द्वीपकल्पाच्या लांबलचक शेपटीला वळसा घालावा लागत नाही. बदल्यात 15 लॉक, म्हणजे बोट वर-खाली करणारे पाण्याचे हौद, पार करावी लागतात आणि त्यांची बहुतेक दारं अजून हातानं उघडायची. दाराला एक जाडजूड तुळई असते. तिला पाठ लावायची, टाचा रोवायच्या आणि मागे रेटत राहायचं. आधी काहीच हलत नाही, मग आपली पाठ हलते, मग दार. डॉक्टरांनी गणित मांडलं, "म्हणजे आम्ही दारं ढकलत क्रिननपर्यंत यायचं आणि तिथून घरी जायचं? आणि लंडनची मंडळी चढणार ती थेट डॉल्फिन बघायला?" क्रिननला रेल्वे नाही हे कारण आम्ही नंतर शोधलं, राजकीय कारण आधीच पुरेसं होतं.

तांडेलाचा जीव होता आर्डफर्नवर. क्रिननच्या जरासं वर, लांब चिंचोळ्या खाडीच्या टोकाला मरिना. चारी बाजूंनी आडोसा, डिझेल, दोरखंडाचं दुकान, सगळं आहे. नाही ती गाडी. येणाऱ्यानं ग्लासगोहून एक बस पकडायची, मग दुसरी, आणि ती चुकली की मेंढ्यांशी बोलत बसायचं. शिवाय वारा पडला की अशा बंद खाडीत चिलटं उठतात. स्कॉटलंडची चिलटं आकारानं तिळाएवढीही नसतात, पण येतात तेव्हा ढग करून येतात, आणि चावणारी ती फक्त मादी असते ही माहिती कान खाजवताना काडीची उपयोगी पडत नाही. मुळात तांडेलाचं दुखणं हे की तो कुठलंही बंदर समुद्राकडून बघतो. खोली किती, तळ चिखलाचा की खडकाचा, नैर्ऋत्येचा वारा आत शिरतो का. हे सगळं बोटीला लागतं. खलाशी बदलायचा तर बंदर जमिनीकडून बघावं लागतं: स्टेशन किती लांब, किराणा कुठे, कपडे कुठे धुवायचे, आणि बोटीला उशीर झाला तर माणसानं ओलं न होता बसायचं कुठे.

दादाचा आग्रह कॉरपाखचा. लंडनच्या यूस्टन स्टेशनात रात्री झोपायच्या गाडीत बसायचं, सकाळी फोर्ट विल्यमला उतरायचं, तिथून पुढे कॉरपाख अगदी जवळ. समोर 1345 मीटरचा बेन नेव्हिस. ऐकायला झकास. अडचणी दोन. एक तर ही गाडी शनिवारी रात्री सुटतच नाही आणि दादाची सुट्टी शनिवारीच सुरू होत होती. दुसरं म्हणजे कॉरपाख लिनी खाडीच्या पार आतल्या टोकाला. तिथे बोट न्यायची तर कॉरनच्या अरुंद तोंडातून, भरतीची वेळ साधून. आणि परत येताना नैर्ऋत्येचा वारा सरळ तोंडावर. दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग इंजिन कशाला बसवलंय?" तांडेल दिवसभर त्याच्याशी बोलला नाही.

पुतणीला हवं होतं मल बेटावरचं टोबरमोरी. बंदराच्या काठानं लाल, पिवळी, निळी घरं, फोटोला एक नंबर. फक्त तिथे जायला ओबनपर्यंत रेल्वे, ओबनहून फेरीबोटीनं क्रेगनूर आणि तिथून बस. म्हणजे टोबरमोरीला खलाशी बदलायचा तर खलाशानं आधी ओबनलाच यायचं. वहिनींचं मत मॅलेगला, कारण मॅलेगची गाडी ग्लेनफिननच्या 21 कमानींच्या पुलावरून जाते. पण ग्लासगोहून मॅलेगला पाच तासांच्या वर लागतात आणि ओबनला तीन-सव्वातीन. शिवाय दक्षिणेकडून मॅलेगला बोट न्यायची तर आर्डनामर्खनचं टोक ओलांडावं लागतं. तिथे 1849 सालचा दीपगृहाचा उंच मनोरा आहे, आणि अटलांटिकची लाट त्या टोकावर आडकाठीशिवाय येऊन आदळते. ते टोक ओलांडून आलेल्या बोटी नाकावर हीदरची फांदी बांधून मिरवतात. मिरवण्यासारखी गोष्ट आहे म्हणजे दर वेळी जमतेच असं नाही.

शिडाच्या बोटीवर पाहुण्याला एकतर ठिकाण सांगता येतं नाहीतर वार; दोन्ही सांगणारा तांडेल थापाड्या समजावा. म्हणून बंदर असं हवं की बोट दोन दिवस आधी आली किंवा एक दिवस उशिरा, तरी कोणाचं काही बिघडू नये. ओबन त्यात बसतं. तिथे तीन पाणवाटा मिळतात: मलची सामुद्रधुनी, लॉर्नची खाडी आणि लिनी खाडी. वारा कुठूनही असो, एक ना एक वाट आडोशाची निघतेच. नव्या खलाशांचा पहिला दिवस आडोशात गेला तर ते दुसऱ्या दिवशी बोटीवर राहतात. आणि ओबनचं रेल्वे स्टेशन 1880 सालापासून थेट धक्क्यावर आहे. गाडीतून उतरलात की डाव्या हाताला फेरीबोट उभी असते. अखेर एकमत झालं, म्हणजे बाकीचे थकले.

क्रिननहून ओबनला येताना भरती-ओहोटीचं कोष्टक उशाशी लागतं. डोरस मोर नावाच्या फटीतून पाणी असं धावतं की वेळ चुकली तर शिडं फुगलेली, फेस उडतोय आणि किनारा जागचा हलत नाही. डाव्या हाताला जुरा आणि स्कारबा बेटांच्या मधे कॉरिव्रेकनचा भोवरा. 1947 साली जॉर्ज ऑर्वेल त्यात बुडता बुडता वाचला. इंजिन निखळून पडलं, होडी उलटली आणि खडकावर अडकलेल्या मंडळींना कोळ्यांनी सोडवलं. तेव्हा तो जुरावर राहून '1984' लिहीत होता. हे डॉक्टरांनी नेमकं भोवऱ्याच्या समोर आल्यावर सांगितलं. भाचा लाइफ जॅकेट घालून झोपला.

ओबनच्या नॉर्थ पियरच्या पाँटूनला, म्हणजे तरंगत्या धक्क्याला, लागलो आणि संसार बाहेर आला. ओल्या चादरी, मिठानं ताठ झालेल्या विजारी, तांडेलाचे ऐतिहासिक मोजे. दोन्ही तुकड्यांच्या मधे धुलाई यंत्राला किती मान असतो ते तिथे कळतं. डॉक्टर नाण्यांची चळत घेऊन यंत्रासमोर बसले आणि पुढच्या माणसाची धुलाई संपण्याकडे अशा नजरेनं बघत राहिले की तो बिचारा कपडे ओलेच घेऊन गेला. भाचा आणि मी सुपरमार्केट गाठलं. सामानाच्या पिशव्या घेऊन चालत धक्क्यावर येता येणं ही किती मोठी चैन आहे, हे ज्यानं रबरी होडीतून बटाटे वाहिलेत त्यालाच ठाऊक. डोक्यावर टेकडीवर रोमच्या कलोझियमसारखी गोल भिंत दिसते, तो मॅकेग टॉवर. मॅकेग नावाच्या सावकारानं गवंड्यांना हिवाळ्यात काम मिळावं आणि घराण्याचं नाव राहावं म्हणून 1897 साली बांधायला घेतला. 1902 साली तो वारला आणि काम थांबलं ते थांबलंच. नाव मात्र राहिलं. पुण्यात अर्धवट इमारतीसाठी बिल्डरला शिव्या पडतात, इथे लोक तिच्या आतल्या बागेत फिरायला जातात.

धक्क्यावर एक हिरवी टपरी आहे. तिथे कोळंबी, कालवं, खेकडे उभ्या उभ्या मिळतात. समुद्रपक्षी तेवढे सांभाळायचे. गल पक्षी माणसाच्या हातातलं सँडविच हा सार्वजनिक ठेवा मानतो.

संध्याकाळच्या गाडीनं वहिनी आणि पुतणी उतरल्या. दादा नव्हता. ग्लासगोहून निघालेली ही गाडी क्रियनलारिखला दुभंगते. काही डबे ओबनला येतात, काही फोर्ट विल्यमवरून मॅलेगला जातात. दादाला खिडकी हवी होती म्हणून तो पुढच्या डब्यात जाऊन बसला आणि गाडी दुभंगली तेव्हा घोरत होता. जाग आली ती रॅनखच्या पठारावर. तिथे ना घर, ना रस्ता, ना फोनची रेंज, मैलोगणती नुसता दलदलीचा माळ. 1894 साली खुली झालेली ही लाइन त्या दलदलीवर झाडाच्या मुळ्या, फांद्या आणि मातीची गादी अंथरून अक्षरशः तरंगत ठेवलेली आहे. पुढचं कोरूर स्टेशन असं की तिथवर मोटारीचा सार्वजनिक रस्ताच जात नाही. गार्डानं त्याला फोर्ट विल्यमला उतरवलं आणि तिथून तो बसनं ओबनला आला. आल्या आल्या म्हणाला, "मुद्दामच गेलो. ती लाइन बघायची होती." वहिनी म्हणाल्या, "बघितलीत ना? आता सामान उचला." सामान म्हणजे चाकांची कडक सुटकेस. बोटीच्या कुठल्याही कप्प्यात ती मावेना. शेवटी ती केबिनच्या मधोमध उभी राहिली, आणि पुढे आठवडाभर प्रत्येकानं तिला एकदा तरी गुडघ्यानं सलाम केला.

नव्या तुकडीचं पहिलं शिक्षण म्हणजे संडास. तांडेलानं वहिनींना आत नेलं. दोघं आत मावत नाहीत, म्हणून त्यानं दारातून हात घातला. "वहिनी, हे बघा. आधी खाली हा व्हॉल्व्ह उघडायचा. हा खटका इकडे केला की समुद्राचं पाणी येतं. मग हा दांडा, वर-खाली, वीस वेळा. खटका तिकडे. परत वीस वेळा. आणि व्हॉल्व्ह बंद करायला विसरायचं नाही."

"विसरलं तर?"

"तर समुद्र आत येतो."

वहिनी थोडा वेळ त्या दांड्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पाँटूनच्या टोकाला असलेल्या, कोरड्या, दिवे असलेल्या, साखळी ओढायच्या स्वच्छतागृहाकडे बघितलं आणि विचारलं, "आपण उद्या निघायलाच हवं का?" ओबनची याहून मोठी जाहिरात मी ऐकलेली नाही.

दोष ओबनलाही आहेत. उन्हाळ्यात पाँटून भरलेले असतात, फेरीबोट वळली की सगळ्या बोटी नाचतात आणि चहा पिणाऱ्याचा नेम चुकतो. जागा नसेल तर समोरच्या केरेरा बेटावरच्या मरिनात नाहीतर तीनेक मैलांवरच्या डनस्टाफनिजला जावं लागतं. तिथे शांतता जास्त, स्टेशन लांब. आणि भर गावात 1794 सालची व्हिस्कीची भट्टी आहे, त्यामुळे जाणारी तुकडी वेळेवर जाईलच याची खात्री नाही. डॉक्टर आणि भाचा शेवटच्या गाडीला धावतच पोचले, डॉक्टर जरा तिरके. तरी माझं मत पक्कं आहे: पश्चिम स्कॉटलंडात खलाशी बदलायचा तर ओबनलाच.

तुम्ही येणार असाल तर सुटकेस घरी ठेवा, मऊ पिशवी आणा. ग्लासगोला गाडीत चढताना डबा ओबनचाच आहे ना हे आधी विचारा, मग खिडकी पकडा. आणि येताना मालवणी मसाल्याचा डबा विसरू नका. उन्हाळ्यात तिथल्या पाण्यात बांगडा भरपूर असतो.