फक्त एकच मुद्दा

पालिकेची निवडणूक जाहीर झाली की अंधेरी असो, बोरिवली असो वा मुलुंड, सोसायटीतल्या एका माणसाची तब्येत हमखास सुधारते. एरवी गुडघ्यांना शिव्या देत जिना चढणारे हे गृहस्थ फाईल काखेत मारून दोन दोन पायऱ्या उतरू लागतात. आमच्या अंधेरी पूर्वेला यांना मुद्देवाले काका म्हणतात. बँकेतून निवृत्त, सोसायटीच्या कमिटीवर कायम, आणि प्रत्येक सभेत पहिलं वाक्य ठरलेलं : "मी फक्त एकच मुद्दा मांडतो." त्या एका मुद्द्याला अ, ब, क असतात. 'क'ला पुन्हा पोटकलमं.

मधली काही वर्षं या जमातीचे फार हाल झाले. २०१७ साली निवडून आलेल्या पालिकेची मुदत ७ मार्च २०२२ला संपली आणि पुढच्या मतदानाला १५ जानेवारी २०२६ उजाडावं लागलं. तोवर प्रशासक. प्रशासकाकडे तक्रार करता येते हो, पण तो दारात येऊन हात जोडत नाही, "काका, आशीर्वाद असू द्या" म्हणत नाही. जवळजवळ चार वर्षं काकांचे मुद्दे लोणच्यासारखे मुरत पडले.

त्यामुळे जानेवारीत उमेदवार कंपाउंडमध्ये आल्या तेव्हा बरणीचं झाकण उडालंच. २२७पैकी ११४ जागा महिलांच्या. आमचा वॉर्डही त्यातला. ताई खुर्चीवर बसल्या आणि उत्तरं द्यायला ताईंचे मिस्टर उभे राहिले.

"गोखले पूल," काकांनी फाईल उघडली. "पूल उघडला, तर शेजारच्या बर्फीवाला पुलाशी उंचीच जुळेना! हे कसं झालं?"

"काका, ते तर २०२४लाच जोडले."

"जोडले हो. पण मला तेव्हाच विचारायचं होतं. विचारायला होतं कोण?"

याला उत्तर नव्हतं. मिस्टरांनी पाणी मागवलं. मग मालमत्ता कर. पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२पासून माफी आहे, काकांचं घर पाचशे दहा. "त्या दहा फुटांत मी राहतच नाही असं लिहून देतो," काका म्हणाले. मग फेरीवाले, पेव्हर ब्लॉक, रात्रभर भुंकणारी कुत्री, धूर मारणारा माणूस फक्त पुढच्या गल्लीतच का जातो, आणि आठ सतराची चर्चगेट लोकल रोज उशिरा का येते.

"ती रेल्वेकडे, काका."

"मग रेल्वेला सांगा ना! तुमचं ऐकतील."

शेवटी फाईलचं मुख्य पान निघालं : दर पावसाळ्यात गेटसमोर तुंबणारं पाणी. मिस्टर "मी जातीने लक्ष घालतो" म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात काकांनी हात वर केला. "तुम्ही नाही. उमेदवार या आहेत, मी यांना विचारतोय." काकांबद्दल काहीही म्हणा, पण हे वाक्य अख्ख्या कंपाउंडात एकट्या त्यांना सुचलं.

ताई पहिल्यांदाच बोलल्या. "काका, तुमच्या गेटपुढचा गाड्या चढवायचा रॅम्प गटारावरच आहे. तो कोणी बांधला?"

सेक्रेटरींना एकाएकी फोन आला. रॅम्प सोसायटीनेच बांधलेला, ठराव वार्षिक सभेतला, आणि सूचक कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं. काकांनी शांतपणे फाईल मिटली. "हा विषय आपण पुढच्या बैठकीत घेऊ."

हसलो आम्ही, पोटभर हसलो. पण २०१७ला मुंबईत मतदान झालं होतं साधारण पंचावन्न टक्के. काकांना हसणारे बहुतेक उरलेल्या पंचेचाळीस टक्क्यांतले असावेत. पंधरा जानेवारीला सकाळी साडेसातला केंद्र उघडलं तेव्हा दारात काका उभे होते. स्वेटर, मफलर, आणि हो, फाईल. आत नेता येणार नाही म्हटल्यावर ती त्यांनी बाहेरच्या हवालदाराकडे सांभाळायला दिली, आणि देताना त्यालाही एक मुद्दा सांगितला.

असा माणूस त्रासदायक असतो, यात वाद नाही. पण बिनकाकांची सोसायटी मी पाहिली आहे. तिथे चार महिने जिन्यातला दिवा बंद होता आणि प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्या कोणीतरी सांगितलं असेल. तुमच्याकडे काका असतील तर त्यांना चहा द्या. नसतील तर जिन्यातल्या दिव्याचं तुम्ही सेक्रेटरींना सांगा, आणि रस्त्यातल्या खड्ड्याचं पालिकेला. नंबर १९१६.