अकरा महिन्यांचे घरंदाज

साताऱ्यात खोली भाड्याने देण्याआधी चौकशी होते. दारात उभ्या असलेल्या माणसाला पहिला प्रश्न, "गाव कुठलं?" तो म्हणतो, माण. "माणात कुठं?" तो गावाचं नाव सांगतो. "आडनाव?" आडनावावरून कळायचं ते कळलं नाही तर पुढचा प्रश्न, "पाव्हणं कुठलं तुमचं?" मग घरात मटण शिजतं का, माणसं किती, रात्री यायची वेळ काय, आणि पोरगी एकटी राहणार असेल तर तिला भेटायला कोण कोण येणार. शाहूपुरीत वरचा मजला भाड्याने देणाऱ्या एखाद्या काकांची ही उलटतपासणी ऐकली तर जिल्हा न्यायालयातले वकील टिपणं काढतील.

सगळं मनासारखं जुळलं की काका काकूंना म्हणतात, "माणूस घरंदाज आहे. कागदाचं काय एवढं?"

गंमत अशी की काकांनी विचारलेल्या एकाही गोष्टीशी कायद्याला कर्तव्य नाही आणि कायद्याला जे हवं ते काकांनी विचारलेलं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चा. ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्यातलं कलम ५५ सांगतं की करार लेखी हवा, नोंदलेला हवा आणि तो नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर कोणत्या अटींवर जागा घेतली याबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं. खोटं आहे हे सिद्ध करायचं ओझं मालकावर. म्हणजे माणमधल्या पाहुण्यांची नावं पाठ असलेले काका कोर्टात उभे राहतील तेव्हा डिपॉझिट किती घेतलं होतं हे भाडेकरू सांगणार.

पण अकरा महिन्यांवर आमची श्रद्धा आहे. वर्षाच्या आत ठेवलं की नोंदणी लागत नाही, हे आम्हाला वडिलांनी सांगितलं आणि वडिलांना नोटरीने. ही वर्षाची अट १९०८ च्या नोंदणी कायद्यातली. महाराष्ट्रात कलम ५५ आल्यापासून अकरा महिने काय आणि अकरा दिवस काय, सारखंच. तरी बाँड येतो, नोटरीचा लाल गोल शिक्का बसतो आणि तो कागद देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरमध्ये जातो. पूर्वी हे पुण्य शंभराच्या बाँडवर पदरात पडायचं; ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा लागतो. शहरात भाडेकराराची नोंदणी फी हजार रुपये, ग्रामीण भागात पाचशे. मुद्रांक पाव टक्का. आठ हजार भाडं आणि तीस हजार डिपॉझिट असेल तर अकरा महिन्यांचा मुद्रांक तीनशेच्या आतबाहेर. म्हणजे काकांनी वाचवले ते फार तर सात-आठशे रुपये, आणि तेही आठ हजारांची जागा पणाला लावून. जुगार आमच्या घराण्यात कधीच नव्हता, असं काका सांगतात.

विजेचं गणित मात्र पक्कं. मीटर एक, खाली मालक, वर भाडेकरू, मध्ये सबमीटर. महावितरणचे पहिले शंभर युनिट स्वस्त, पुढे दर चढत जातो. स्वस्त शंभर युनिट कोणाचे, हा प्रश्न साताऱ्याच्या इतिहासात आजवर एकदाही भाडेकरूच्या बाजूने सुटलेला नाही. घरपट्टीची पाहणी करायला माणूस आला की तोच भाडेकरू तासाभरापुरता भाचा होतो. "शिकायला आलाय," काकू सांगतात. भाच्याला टक्कल असतं, दोन मुलं असतात. पाहणी करणारा चहा पिऊन जातो.

सांगलीत हे शास्त्र उलटं चालतं. तिथं चौकशी भाडेकरू करतो आणि मालक घाम पुसतो. गावभागापासून कर्नाळ रोडपर्यंत पहिला प्रश्न एकच, "पाणी येतं का?" साताऱ्यात याचं उत्तर नळाकडे बघून देतात. इथं कृष्णेकडे बघून द्यावं लागतं.

"२००५ ला नव्हतं आलं."

"२०१९ ला?"

"२०१९ ला काय, सगळ्यांकडंच आलं होतं."

"२०२१?"

"पायरीपर्यंत." कुठल्या पायरीपर्यंत ते सांगायचं नसतं.

आयर्विन पुलापाशी ४५ फुटाला धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टात नदी ५७ फुटांवर गेली. त्यामुळे सांगलीतला अनुभवी भाडेकरू मोझॅक, किचन ओटा, गॅलरी यांकडे ढुंकून बघत नाही. तो भिंतीतली विजेची बटणं बघतो. खांद्याच्या वर बोर्ड दिसला की हसून विचारतो, "बोर्ड एवढा वर कशापायी?" मालक म्हणतो, "लहान पोरं हात लावतात." भिंतीला छातीपर्यंत ऑइल पेंट आणि वर साधा डिस्टेंपर असेल तर ती नवी फॅशन असते. भाडेकरू नखानं पेंट खरवडतो. आत गाळाची करडी रेघ निघते. आठ हजार म्हणणारा मालक तिथल्या तिथे साडेसहावर येतो.

खरं तर हा भाडेकरू मालकापेक्षा शहाणा. तो घराला जे विचारायचं तेच विचारतो. आम्ही त्याच्या आडनावाला विचारत बसतो.

मिरजेत हॉस्पिटलच्या आधाराने खोल्या देणाऱ्यांची, विश्रामबागेत वालचंद कॉलेजच्या पोरांना कॉट बेसिसवर ठेवणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. तिथं करार नसतोच, फक्त नियम असतात, जिन्यात चिकटवलेले: गच्चीवर फोनवर बोलू नये, गिझर सात ते आठ. रात्री दहानंतर फाटक बंद, हा नियम नाइट ड्यूटीच्या नर्सलाही लागू.

जुन्या पेठांतल्या वाडामालकांबद्दल मी काही बोलत नाही. त्यांचं दुःख १९४७ च्या बॉम्बे रेंट ॲक्टइतकं जुनं आहे. नव्या कायद्याने त्यांना वर्षाला चार टक्के वाढ दिली. वीस रुपये भाड्यावर चार टक्के म्हणजे ऐंशी पैसे. पावसाळ्यापूर्वी नगरपालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली की चिंता भाडेकरूला होते; मालक आभाळाकडे आशेने बघतो.

आम्हा नव्या मालकांना कायद्याने बरंच दिलं आहे. रीतसर लिव्ह अँड लायसन्स असेल तर मुदत संपल्यावर न सोडणाऱ्याला कलम २४ खाली दुप्पट रक्कम भरावी लागते आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते. आधार आणि बोटाचा ठसा लागतो. एवढं करायला आम्हाला वेळ नाही, कारण माणचे पाहुणे कुठले हे अजून नीट कळलेलं नाही.

तेव्हा काकांनो, चौकशी खुशाल करा, पण कलम ५५ चं तिसरं पोटकलम वाचून करा. करार न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं त्यात लिहिलं आहे. ही शिक्षा भाडेकरूला नाही, मालकाला आहे.